सल्ला हवा: वाचनालयाच्या फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल कसा तपासायचा?

कपाट_क्र_७
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाचा (कोल्हापूर जिल्हा, निपाणीच्या अलीकडे) सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी करून दिलाय. माझं खताचं दुकान आहे, कोडिंग हौसेपुरतं. रकाने पाच: नाव, मोबाइल, पिन कोड, जन्मतारीख, पत्ता.

सर्व्हरवर पीएचपीत तपासणी आहे, पण चूक निघाली की पान परत येतं ते कोरं. लोक वैतागतात आणि पुन्हा भरतच नाहीत. म्हणून पाठवायच्या आधीच जावास्क्रिप्टने चूक दाखवायची आहे. मोबाइलला 'दहा आकडे' अशी अट घातली, तर मराठी कीबोर्डवरून ९८ असं लिहिणाऱ्या सगळ्यांना 'नंबर चुकीचा' येतंय. नावाला इंग्रजी ए ते झेडची अट होती. ती मीच घातली होती, हसू नका.

बजेट: शून्य रुपये, दोन संध्याकाळी. रिअ‍ॅक्ट-बिअ‍ॅक्ट नको, लायब्ररी (आयता कोड) नको. निम्मे सभासद साठीच्या पुढचे, फोन जुने.

सेमीकोलन
वाचनालयाला लायब्ररी नको म्हणताय 😀
रिअ‍ॅक्ट घ्या आणि झॉड (भरलेली माहिती तपासणारी लायब्ररी). आमच्याकडे २३ फॉर्म त्याच्यावर चालतात, स्कीमा (रकान्यांचे नियम) एकदा लिहिला की विषय संपला. सुरुवातीला आठवडा जाईल, पण पुढे आराम.

बांधावरून
मोबाइलच्या रकान्याला टाइप नंबर लावा. अक्षरं टाइपच होत नाहीत. दोन मिनिटांचं काम.

टेस्टर_ताई
@बांधावरून, अहो नका हो लोकांना हे सांगत जाऊ. टाइप नंबरमध्ये इंग्रजी 'ई' चालतो, कारण तो घातांकाचा धरतात. वर मॅक्सलेंग्थ (जास्तीत जास्त किती अक्षरं) आणि पॅटर्न (नमुन्याची अट) त्याला लागूच होत नाहीत. मी एका ठिकाणी रकमेच्या रकान्यात ५०० लिहिलं, पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं आणि पावती आली ४९९ची. हिशेबनीस बाई तीन दिवस तो रुपया शोधत होत्या. टाइप नंबर मोजायच्या गोष्टींसाठी असतो, फोन नंबर कोणी मोजत नाही.

दादा, टाइप टेल ठेवा. फोनवर आकड्यांचा कीपॅड आपोआप येतो. पिन कोडला साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमरिक.

जुनाजाणता
आमच्या काळी हे सगळं हातानं लिहायचो. १९९५ साली नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्ट आली, त्याआधी एक रकाना चुकला तरी डायल-अपवरून सर्व्हरला हेलपाटा. मी २००१ साली रकाना सोडला की अलर्ट आणि कर्सर परत तिथंच, असं केलं होतं. दोन रिकाम्या रकान्यांनी एकमेकांचे अलर्ट उठवायला सुरुवात केली. साहेबांनी शेवटी संगणकाची वायर काढली. असो. जेक्वेरी या जुन्या लायब्ररीचं व्हॅलिडेशन प्लगइन आजही उत्तम आहे.

फ्रेमाँटकर
ब्राउझरमधल्या तपासणीवर कधीच विसंबू नका. डेव्हलपर टूल्समधून कोणीही अटी काढून टाकतो. सुरक्षा म्हणजे सर्व्हर.
आणि ओटीपी सेवा विकत घ्या, नंबर खरा की खोटा तिथंच कळतं.

कपाट_क्र_७
@फ्रेमाँटकर सर्व्हरवर तपासणी आहेच, वर लिहिलंय. वाचनालयाची वर्गणी वर्षाला ३०० रुपये आहे, त्यात ओटीपी कुठून बसवू?

बांधावरून
माझ्याकडे तर टाइप नंबर मस्त चालतो.

मात्रावेलांटी
मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का? मी देतो.

जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये (मजकुराचा नमुना तपासायची अट) 'बॅकस्लॅश डी' म्हणजे फक्त इंग्रजी ० ते ९. मराठी आकडे त्यात येत नाहीत, म्हणून तुमचे सभासद चुकीचे ठरतात. रेगेक्स बदलत बसू नका. आधी आकडे बदलून घ्या आणि मग तपासा. युनिकोडमध्ये मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा करा. ० ते ९ उरलं तर तोच इंग्रजी आकडा, नाही तर अक्षर तसंच ठेवा. एका ओळीचं काम आहे. मग स्पेस आणि डॅश काढा, सुरुवातीचा +९१ किंवा ० काढा आणि दहा आकडे उरले का, पहिला ६ ते ९ मधला आहे का, एवढं बघा.

मोबाइलला मॅक्सलेंग्थ १० अजिबात लावू नका. लोक कॉन्टॅक्टमधून नंबर कॉपी करतात. तिथं तो +९१, स्पेस, पाच आकडे, स्पेस, पाच आकडे असा असतो. ब्राउझर गुपचूप पहिली दहा अक्षरं ठेवतो. त्यात अधिकचं चिन्ह, ९१ आणि दोन स्पेस गेल्या की नंबरातले पाचच आकडे शिल्लक राहतात. माणूस बिचारा म्हणतो, मी तर पूर्ण पेस्ट केला.

सेमीकोलन
हे सगळं झॉडमध्येही होतं.

म्हापसेकर
नावासाठी युनिकोडची 'अक्षर' अट घालू म्हणाल, तर जपून. ती काना-मात्रेला अक्षर धरत नाही. 'कुलकर्णी' लिहा, उकार, हलन्त, वेलांटी सगळे नापास. खुणांचा वर्ग वेगळा जोडावा लागतो. तो जोडला तरी वऱ्हाडे आडनाव काही कीबोर्डवरून येतं तेव्हा मध्ये एक न दिसणारं अक्षर असतं, ते दोन्ही वर्गांत नाही. आमच्याकडे इंग्रजीत नाव लिहिणाऱ्या डिसोझांचं निराळंच. फोन वाकडा अपॉस्ट्रॉफी घालतो, फॉर्मला सरळ हवा असतो. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, 'कृपया खरं नाव लिहा'. बापाचं नाव बदलून येऊ का?

जुनाजाणता
'व्हॅलिडेशन'ला मराठीत पडताळणी म्हणावं. 'वैधता' सरकारी वाटतं.

मात्रावेलांटी
वैधता म्हणजे निकाल, पडताळणी म्हणजे कृती. दोन्ही लागतात.

जुनाजाणता
आम्हाला शिकवू नका.

पिवळी_चौकट
पिन कोडची अट ४ पासून ठेवा, महाराष्ट्र ४० ते ४४. चुकीचे आपोआप गळतील.

कपाट_क्र_७
निपाणीचे अकरा सभासद आहेत ताई, त्यांचा पिन ५९१ने सुरू होतो. सीमाभाग आमच्या रजिस्टरात एकच आहे.

टेस्टर_ताई
एक सांगायचं राहिलं. मराठीत चूक दाखवायला सेटकस्टमव्हॅलिडिटी वापराल, कारण ब्राउझरचे स्वतःचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात. पण माणसाने काही टाइप केलं की त्यात रिकामी स्ट्रिंग परत घालायला विसरू नका. मी विसरले होते. नंबर दुरुस्त केला तरी रकाना जन्मभर चुकीचाच राहतो आणि बटण दाबून फॉर्म जात नाही. एका गृहस्थांनी अकरा वेळा प्रयत्न करून फोनच केला.

आणि खरं दुखणं कोरं पान हे आहे. सर्व्हरने चूक सापडल्यावर भरलेला मजकूर परत रकान्यांत ठेवून द्यावा. फक्त छापताना एचटीएमएलसाठी एस्केप करा, म्हणजे कोणी कोड लिहिला तरी तो साधा मजकूर म्हणूनच दिसेल.

कपाट_क्र_७
ते पीएचपी पुतण्याने लिहिलंय. तो पुण्याला गेलाय आणि माझा फोन उचलत नाही.

बांधावरून
टाइप नंबर लावला असतात तर एव्हाना झालं असतं.

कपाट_क्र_७
दोन संध्याकाळी संपल्या. काय केलं ते सांगतो. बऱ्याच जणांना पटणार नाही.

रिअ‍ॅक्ट नाही, जेक्वेरी नाही, ओटीपी नाही. नावाला एकच अट, रिकामं नको. पिन कोड आणि जन्मतारीख हे रकानेच काढून टाकले. ग्रंथपाल काकांना विचारलं जन्मतारीख कशाला लागते, तर म्हणाले, "जुन्या छापील फॉर्मवर होती म्हणून." पुतण्याच्या फाइलमधल्या या तिन्हींच्या अटी दोन तिरप्या दांड्या टाकून बंद केल्या. मोबाइलचं मात्रावेलांटींचं २४०६चं गणित जसंच्या तसं घेतलं, आकडे इंग्रजी होऊनच पुढे जातात. पण नंबर चुकीचा वाटला तरी फॉर्म अडवत नाही. ठळक अक्षरांत नंबर दाखवतो आणि विचारतो, "हाच ना?" अनामत घ्यायला काका तसेही प्रत्येकाला फोन करतात. न लागलेल्या नंबरासाठी एखाद्याच्या घरी जायला त्यांना उलट निमित्तच मिळतं.

फ्रेमाँटकर
म्हणजे व्हॅलिडेशन नाहीच! कोणीही काहीही भरेल.

मात्रावेलांटी
अडवायला हवं होतं. सर्व्हर चुकीचा नंबर परतच पाठवणार, मग कोरं पान आलंच. पण फॉर्म तुमचा.

कपाट_क्र_७
ती मोबाइलची अटही काढली, म्हणून अडत नाही.

आज सकाळी पहिला अर्ज आला. नाव मराठीत, नंबर मराठी आकड्यांत लिहिलेला, नीट इंग्रजी होऊन पोचला. पत्त्याच्या रकान्यात लिहिलंय: नेहमीचाच.

काकांनी वाचून लगेच रजिस्टरात चढवला.