दोष बेअरिंगच्या कंपनीचा नसतो

व्हीएफडीवरच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवरच्या) मोठ्या पंप-मोटरचं बेअरिंग सारखं जातंय, काय करू, या प्रश्नावर ‘चांगल्या कंपनीचं घाला’ असं एकाने सुचवलंय. पटलं नाही. जुनं बेअरिंग कापून रेस (ज्यावर बॉल फिरतात ती कडी) बघा. पन्हळी पत्र्यासारख्या समांतर रेघा दिसल्या तर शाफ्टमधून करंट वाहतोय, महागडं बेअरिंगही तसंच जाईल. डिझाइनमध्येच एनडीईला (पंप न जोडलेल्या टोकाला) इन्सुलेटेड बेअरिंग आणि डीईला (पंप जोडलेल्या टोकाला) शाफ्टमधला करंट जमिनीत सोडणारा अर्थिंग ब्रश हवा. दोन्हीकडे इन्सुलेटेड घालून ब्रश विसरलात, तर करंट मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगमधून पंपाचं बेअरिंग गाठतो. (मग भांडण पंपवाल्याशी!)

वाइंडिंगला (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीला) जास्त उष्णता सोसणारं एफ क्लास इन्सुलेशन घ्या, पण तापमानवाढ त्याखालच्या बी क्लासइतकीच ठेवा. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो, टेंडरमध्ये मात्र उतरत नाही.

आणि आपल्या मुंबईत हाजी अली, लव्हग्रोव्हसारख्या पावसाळी पंपिंग स्टेशनांचं काम मुख्यतः चार महिन्यांचं. एरवी उभ्या मोटरच्या वाइंडिंगवर खारी दमट हवा बसते. म्हणून स्पेस हीटर (वाइंडिंग कोरडं ठेवणारा मोटरमधला छोटा हीटर) हवाच, तोही वेगळ्या सप्लायवर, मोटर थांबताच आपोआप चालू होणारा. सीझनआधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. पीआय (पोलरायझेशन इंडेक्स, म्हणजे 10 मिनिटांचं रीडिंग भागिले 1 मिनिटाचं) 2 च्या खाली आला तर आधी वाइंडिंग सुकवा, मगच स्टार्टरला हात.