चर्चा: सेक्स्टंटने सूर्याच्या पाच साइट घेऊन सरासरी, की एकच नीट?

अल्मनॅकवाला
छोट्या बोटीवरून सूर्याची एकच साइट (सेक्स्टंट या कोनमापकाने मोजलेली क्षितिजापासूनची उंची) घेऊन चार्टवर रेषा (जिच्यावर कुठेतरी आपली बोट आहे ती) ओढणं मला पटत नाही. चार-पाच मिनिटांत पाच घ्या, पाचही वेळांची सरासरी, पाचही उंचींची सरासरी, गणित एकदाच. हाताची चूक कधी वर, कधी खाली. पाचांत ती निम्म्याहून कमी होते. यात वाद कसला?

खालची_कड
वाद ‘कधी वर, कधी खाली’ यालाच आहे. सेक्स्टंट तिरका झाला की उंची जास्तच येते, कमी कधीच नाही. सूर्य ४५° वर असताना ३° तिरकेपणा म्हणजे जवळपास ४.७' (कोनाची मिनिटं; उंचीत १' चुकलं की रेषा एक सागरी मैल सरकते). उलट, बोट लाटेच्या खळग्यात असताना पुढच्या लाटेचा माथाच क्षितिज समजलात तर उंची कमी भरते. या दोन चुका एकमेकींना कापतीलच याची हमी कोण देणार? आणि इंडेक्स एरर (सेक्स्टंटच्या शून्यातली चूक), डिप (डोळा पाण्याच्या वर असल्याने क्षितिज खाली दिसतं, त्याची दुरुस्ती), घड्याळ? पन्नास साइट घेतल्या तरी त्या जिथल्या तिथे. घड्याळ ४ सेकंद चुकलं की रेखांश १' सरकला. त्यापेक्षा बोट माथ्यावर येऊ द्या, सेक्स्टंट झुलवून सूर्याचं बिंब ज्या कमानीत फिरतं तिचा तळ क्षितिजाला टेकवा आणि एकच घ्या. डिप काढताना डोळ्याच्या उंचीत लाटेची अर्धी उंची मिळवायला विसरू नका.

पॅरलल_रूलर
पण ती एकच बिघडली तर कळणार कसं? उदाहरण घ्या. अक्षांश १८°, दिगंश (उत्तरेपासून मोजलेली सूर्याची दिशा) १००°. उंची वाढण्याचा वेग मिनिटाला १५' गुणिले अक्षांशाचा कॉस गुणिले दिगंशाचा साइन, म्हणजे १४'. मिनिटाच्या अंतराने पाच वाचनं: ३०° १०.०', २४.३', ३७.९', ५८.६' आणि ३१° ०६.४'. या चढाची रेषा कागदावर सरकवून बसवली की चौथं वाचन ६.५' वर लटकलेलं दिसतं. डोळे मिटून सरासरी काढली असती तर एवढ्यावरच सव्वा मैल गेला. मध्यान्हाजवळ मात्र सरळ रेषा चालत नाही, तिथे उंची वक्राने फिरते.

अल्मनॅकवाला
डोलत्या बोटीत आलेखकागद कोण सांभाळणार हो? वहीत लागोपाठचे फरक मांडले तरी भागतं: १४.३, १३.६, २०.७, ७.८. वीसच्या पाठोपाठ पावणेआठ आलं की चौथं खोडायचं, त्याची वेळही खोडायची (ही हमखास राहते!) आणि उरलेल्या चारांची सरासरी.

खालची_कड
हे मान्य, पण याने फक्त हात तपासला जातो. पाणी आणि हवा यांच्या तापमानात बराच फरक असला की क्षितिजच वर-खाली सरकतं. मग पाचही वाचनं एका रेषेत येतात आणि पाचही सारखीच चुकतात. यावर उपाय संधिप्रकाशातला: उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा समोरासमोरच्या दिशांचे चार तारे घ्या, रेषांच्या चौकोनाचा मध्य धरा. दिवसा एकट्या सूर्यावर असाल तर सरासरी कितीही देखणी येवो, रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मैल सोडूनच किनाऱ्याजवळ जा.