मदत हवी आहे: वाडीसाठी बॅटरीवरचं झाड कापायचं मशीन, वादळानंतर लाइट नसताना उपयोगी पडेल का?

नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी आहे. ४५ माड, दीडशेएक पोफळी, मागे कातळावर हापूसची २२ जुनी कलमं आणि कुंपणाला सुरूची झाडं. मिस्टर नोकरीनिमित्त मुंबईला, घरी मी आणि सासूबाई. चेनसॉ घ्यायची आहे. जरा सविस्तर लिहिते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे ११ माड आणि निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. कुंपणाचा एक सुरू गोठ्याच्या कौलांवर पडला. गाय आत, दार अडलेलं. गावात पेट्रोलची मशीनं दोनच, ती दोन्ही रस्ता मोकळा करायला गेलेली. सासूबाई आणि मी कोयत्याने एकेक फांदी तोडत गेलो, गाय बाहेर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवे अर्थात नव्हतेच, ते तीन आठवड्यांनी आले. तेव्हापासून ठरवलंय की मशीन आपल्या घरात हवं आणि मला एकटीला सुरू करता यायला हवं.

पेट्रोलचं शेजारच्या भाऊजींकडून आणून चालवून पाहिलं. दोरी ओढून ओढून उजवा खांदा धरला. शिवाय पावसाळाभर पडून राहिलं की कार्ब्युरेटर चोंदतो आणि नेमकं गरजेला ते चालू होत नाही. म्हणून बॅटरी.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक सहा इंची छोटं मशीन घेतलं होतं. बॅटरीवर ठळक ‘४८ व्होल्ट’ छापलेलं. कलमांच्या मनगटाएवढ्या फांद्यांना छान चाललं, पण चार महिन्यांत बॅटरी मेली. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवली: आत दहा सेल, पाच-पाचच्या दोन रांगा. म्हणजे खरे १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर फार तर २१. ही सरळ फसवणूक आहे. वादळात याच्याच भरवशावर राहिले असते, या विचाराने जास्त त्रास झाला.

त्याच मशीनने एकदा पडलेला माड कापायला घेतला. पहिल्या दोन कापांना दाणेदार भुसा पडला. तिसऱ्याला पिठासारखी भुकटी, मग धूर, आणि काप तिरका जायला लागला. चेन उन्हात धरून पाहिली तर दातांच्या कडा चकाकत होत्या, धार पार गेलेली.

आता १२ इंची बारचं (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती), १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लागणारं मशीन बघतेय. ते बरोबर आहे का? बॅटऱ्या किती घ्याव्यात? चेनला तेल कुठलं? इथले कामगार गाडीचं जळकं ऑइल ओततात, मला ते वाडीत नको आहे. घरचं खोबरेल चालेल का? आणि मुख्य म्हणजे, लाइट तीन आठवडे नसेल तर बॅटरीच्या मशीनचा उपयोग काय? घरी इन्व्हर्टर आहे, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर.

(उभी झाडं तोडायची नाहीत. आंबा-फणसाला १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, ते माहीत आहे. पडलेली झाडं आणि कलमांची छाटणी, एवढंच काम.)

प्रतिसाद

ताई, माझी बाग गुहागरकडे आहे, तीन वर्षं असंच मशीन वापरतोय. तुमची निवड बरोबर आहे. व्होल्ट गुणिले एएच करा: ५ एएचची बॅटरी धरली तर १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-तास, दोन मिळून १८०. जाड लाकडात मशीन हजारभर वॉट ओढतं, म्हणजे सलग दहा-अकरा मिनिटं. ऐकायला कमी वाटतं, पण काप अर्ध्या मिनिटाचा असतो, बाकी वेळ लाकूड ओढण्यात जातो. चार बॅटऱ्या घ्याच.

खोबरेल नको. थंडीत थिजतं आणि पंप ओढत नाही. चेनचं बार ऑइल मिळतं ते वापरा. पेटीत ठेवल्यावर थोडं ओघळतं, तो बिघाड नाही. माडाच्या खोडात सिलिका असते, त्याला कुठलीच चेन टिकत नाही. दोन जादा चेन आणि तिच्या मापाची गोल कानस जवळ ठेवा. या मशीनच्या चेनला बहुतेक ४ मिमीची लागते. धार लावताना बॅटरी काढूनच.

एरवी बॅटऱ्या निम्म्या भरून घरात कोरड्या जागी ठेवा, खाऱ्या हवेने पिना गंजतात. हवामान खात्याचा इशारा आला की सगळ्या पूर्ण भरा. तुमचा इन्व्हर्टर कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तासांचा. निम्मा वापरला तरी एक जोडी तीन-चार वेळा भरेल. मात्र तो साइन वेव्ह (लाइनच्या विजेसारखी सलग लहर देणारा) हवा, स्क्वेअर वेव्हवर (तुटक, चौकोनी लहर) हे चार्जर तापतात, कधी जळतात.

आणि कळकळीने सांगतो, पडलेल्या झाडात ताण असतो. वाकलेली फांदी आधी दबलेल्या, म्हणजे वाकाच्या आतल्या बाजूने थोडी कापा, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलंत तर ती उसळून अंगावर येते. बारचं टोक कशाला टेकू देऊ नका, मशीन झटक्यात तोंडाकडे उलटतं. शिडीवर चढून तर कधीच नाही. वायर पडलेली असेल तर वायरमन येईपर्यंत त्या झाडाला हात लावू नका.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. ताणाचं कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सुरूची एक फांदी अशीच उसळून सासूबाईंच्या कानाजवळून गेली होती, ती का उसळली ते आज कळलं.

आत्ता इन्व्हर्टरवरचं लेबल पाहून आले. स्क्वेअर वेव्ह आहे. म्हणजे आधी तो बदलायला हवा. साइन वेव्ह घेताना जुनी १५० एएचची बॅटरी तशीच चालेल का? पाच वर्षांची आहे, पाणी वेळच्या वेळी घालते.