मिरवणुकीनंतरचं वर्ष: बेळगाव भागातल्या माजी सैनिकांच्या घरचे अनुभव

आपल्याकडं जवान पेन्शन घेऊन आला की गाव वेशीपर्यंत जातं. उघडी जीप, हार, गुलाल, दारात ओवाळणी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं बेळगुंदी, येळ्ळूर, कडोली, खानापूरकडं भावकीत कुणीतरी मिल्ट्रीत असतंच. मिरवणुकीचे फोटो सगळे टाकतात, पण त्यानंतरच्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही. माझे वडील आले तेव्हा मी नववीत होतो, आणि आमच्या घरात काय चाललंय हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून विचारतो, तुमच्या घरी काय झालं? लढाईच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात, इथं घरच्या सांगा. नावं घालू नका, गाव चालेल.

खानापूर तालुका, जवानाची बायको

आमचे मालक राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला होते. रजेवर यायचे तेव्हा घरात सण असायचा, कोंबडं कापायचं, पोरं अंगाखांद्यावर. कायमचे आले आणि घर अरुंद झालं. सासरे गेल्यापासून भाताची लावणी, सोसायटीचं कर्ज, पोरांची फी, डेअरीला दूध घालणं, सगळं मीच बघत होते. ह्यांनी आल्या आल्या जमाखर्चाची वही मागितली. पहाटे पाचला पोरांना उठवायचं आणि अंथरुणाच्या घड्या नीट आहेत का बघायचं. एक दिवस धाकट्यानं विचारलं, "बाबा, तुमी परत कधी जाणार?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला इतकी वर्षं तोच प्रश्न विचारायची सवय. हे उठून गोठ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत.

मार्ग सासूबाईंनी काढला. मला म्हणाल्या, "त्येला एक काम असं दे, जे पुरतं त्याचं. मग त्यात तू बोलू नको." रताळ्याचं रान त्यांच्याकडं दिलं. वेल लावण्यापासून बेळगावच्या मार्केटला पोती पोचवेपर्यंत मी तोंड घालत नाही, पहिल्या वर्षी भाव पडला तेव्हाही घातलं नाही. वही मात्र माझ्याकडंच आहे, आणि आता ते मागत नाहीत.

रात्री उठून दाराची कडी बघणं अजून चालू आहे. पूर्वी मी "काय झालं?" विचारायचे, मग दोघांचीही झोप जायची. आता पडल्या पडल्याच "लावलीय" म्हणते. मग ते येऊन झोपतात.

कडोली, तोफखान्यातला निवृत्त हवालदार

१९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होतो. डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. घरी आल्यावर सगळ्यांना वाटायचं, हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मुलगी डावीकडं बसून शाळेचं काहीतरी सांगायची, मी गप्प, ती रुसून आत. तपासणी झाल्यावर तीच सगळ्यांना बजावून सांगायला लागली की बाबांशी उजवीकडून बोलायचं. शिवजयंतीचे चित्ररथ बघायला आम्ही आजही जातो. डॉल्बी जवळ आला की मी मागच्या गल्लीत सरकतो, आणि ती न सांगता बरोबर येते.

सुटणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो, रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे सुटतानाच्या तपासणीत, कान, गुडघे, पाठ, झोप, जे बिघडलंय ते लिहून घ्या. घराची ओढ असते म्हणून "सब ठीक है साब" म्हणून सही ठोकू नका. हे नोकरीमुळंच झालं हे नंतर पटवून देणं फार जड जातं, आणि डिसॅबिलिटी पेन्शन त्यावरच अवलंबून असते.

निपाणीजवळून

शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षं नोकरी लागते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला चाळिशीच्या आत घरी. गाव म्हणतं, "बसून पगार हाय की." पोरांची शिक्षणं तर आत्ता कुठं सुरू झालेली असतात. मी बँकेत गार्ड म्हणून लागलो. पण मला सगळ्यात जास्त खचवलं ते कागदांनी. शाळा मराठी, नोकरी हिंदीत, आणि वडिलांच्या पश्चात उताऱ्यावर वारसा लावायला गेलो तर अर्ज सगळा कन्नड. सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस स्वतःच्या शेताचा कागद वाचायला दुसऱ्याकडं बघतो, हे मनाला फार लागतं. मराठीतून कागद मिळावेत ही आपली मागणी रास्तच आहे. तोवर पुतणी रोज संध्याकाळी मला अक्षरं शिकवते. आता बसच्या पाट्या वाचतो, अर्जही अर्धामुर्धा कळतो.

उचगाव, बहीण

दादाच्या पिण्याबद्दल लिहिते, कारण हे सगळे झाकतात. मिल्ट्री कॅन्टीनची दारूची बाटली आणून दे म्हणून पाहुणे मागं लागायचे, मग त्यालाही बसवायचे. त्याचे दोन साथीदार गेलेत हे आम्हाला एका रात्री त्याच्या रडण्यातून कळलं. आम्ही १४४१६ ला फोन लावला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. सैन्यातल्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, त्यांचा वेगळा कक्षही २०२३ मध्ये सुरू झालाय. दादा पहिल्यांदा बोललाच नाही, वहिनी बोलली. नंतर बोलला. पाहुण्यांना बाटली देणं वहिनीनं बंद केलं. काहीजण दुरावले, आम्हाला त्याचं दुःख नाही.

बेळगाव शहर

आमचे आजोबा १९७१ च्या लढाईतले. घरात त्यातलं अवाक्षर काढत नाहीत. पण ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, दवाखान्यात औषधाच्या रांगेत त्यांच्या वयाचं कुणी भेटलं की तासन् तास बोलतात. म्हणून औषधं मी एकटा आणत नाही, त्यांनाच गाडीवरून नेतो आणि बाहेर थांबतो.

हिंडलग्याच्या ताईंचा प्रश्न होता: माझे मालक येत्या वर्षात येणार आहेत, आत्तापासून काय करू?

कडोलीहून उत्तर: ताई, एक काम आजच करा. तुमचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे ती आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते त्यांना बघायला सांगा. माहेरचं नाव राहिलेलं असतं, एखादा काना-मात्रा चुकलेला असतो. युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलायचा युनिटचा आदेश, काढून दुरुस्त होतं. सुटल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहून करत बसावं लागतं, आणि फॅमिली पेन्शनच्या वेळी बायकांचे फार हाल होतात. पेन्शन जॉइंट खात्यावर घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, तो आता ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, पोरांना शिकवून ठेवा.