मागून धडक: चालकाची चूक प्रवाशाच्या माथी नको

मागून ठोकणाऱ्याचीच सगळी चूक, त्यामुळे त्या गाडीतल्यांचा भरपाईचा दावा टिकत नाही, असं म्हटलं जातं. चालकापुरतं ते बरंचसं खरं आहे. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं त्याचंच काम. पण रात्री भर रस्त्यात विनादिवे उभ्या केलेल्या ट्रकवर कार आदळली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 122 ट्रकवाल्यालाही लागतं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं) दोष दोघांत वाटून देऊ शकतं. कारचालकाचा वाटा समजा 40 टक्के धरला, तर त्याची भरपाई तेवढी कापली जाते.

कारमधल्या प्रवाशाची मात्र अशी कापता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार तो पूर्ण रक्कम दोन्हीपैकी कुठल्याही वाहनाकडून मागू शकतो. तरी त्याच कायद्याच्या कलम 166 खालच्या भरपाईच्या अर्जात दोन्ही मालक, चालक आणि विमा कंपन्यांना प्रतिवादी कराच. खासगी कारला फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर आतल्या प्रवाशाची जबाबदारी ती कंपनी झटकते, आणि मग ट्रकचा विमाच कामी येतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ट्रकचे टेललाइट, रिफ्लेक्टर आणि ब्रेकच्या खुणा नोंदल्या आहेत का, ते लगेच पाहा. नंतर हे सिद्ध करणं फार जड जातं. कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून 6 महिने आहे.