मदत हवी आहे: उपग्रहावरून काढलेलं उसाचं बाष्पपर्णोत्सर्जन (ईटी, म्हणजे माती आणि पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी) एवढं कमी का येतंय?

नमस्कार मंडळी,

उजनी धरणाच्या लाभक्षेत्रात आमची पाणी वापर संस्था आहे. उसाला दिवसाला खरंच किती पाणी लागतं ते सभासदांना आकड्यांत दाखवायचंय, म्हणून चार महिने लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांची चित्रं व हवामानाची माहिती घेऊन मेट्रिक (METRIC) ही ईटी काढायची पद्धत शिकतोय. तिचा गाभा समजलाय: शेताला मिळालेल्या निव्वळ ऊर्जेतून जमीन तापवायला लागलेली आणि हवा तापवायला लागलेली वजा केली की उरते ती पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली. अडलंय ते आकड्यावर.

एप्रिलमधला एक निरभ्र दिवस घेतला. ईआरए-५ लँड या हवामानाच्या माहितीसंचावरून, एफएओ-५६ या मार्गदर्शिकेतल्या पेनमन-माँटिथ सूत्राने संदर्भ ईटी (ठरावीक प्रमाण पिकाची ईटी) ७.१ मिमी आली. वारा १० मीटरवरचा मिळतो, तो ०.७४८ने गुणून २ मीटरवर आणलाय. पडताळ्याला जवळच्या बाष्पीभवन पात्राची नोंद पाहिली: १० मिमी गुणिले ०.७, म्हणजे ७. इथवर जुळतंय. भरातल्या उसाचा पीक गुणांक (संदर्भ ईटीच्या किती पट पाणी लागतं तो आकडा) १.२५ धरला तर ८.९ मिमी व्हायला हवेत. माझ्या दोन एकर आडसाली उसावर उपग्रहाचं उत्तर ५.६!

एकरावर १ मिमी म्हणजे ४,०४७ लिटर. एकरी रोज १३ हजार लिटरचा फरक पडतो. ऊस तहानलेला नाही. ठिबक चालू आहे, पाचट बाजूला केलं की माती ओली लागते.

मेट्रिकमध्ये चित्रातला एक थंड आणि एक गरम बिंदू धरून तापमानाची पट्टी बसवतात. थंड बिंदू धरणाच्या पाण्यातला घेतलाय, कारण चित्रात सगळ्यात थंड तेच. गरम बिंदू नांगरून पडलेलं कोरडं रान. तापमानासाठी चित्रातला कच्चा आकडा ०.००३४१८०२ने गुणून त्यात १४९ मिळवतो, तेही दोनदा तपासलं. हा ५.६ घेऊन सभेत गेलो आणि त्यावर पाणी कमी झालं, तर लोकांचा ऊस माझ्या चुकीने वाळेल. कुठे चुकतोय?

रानवारा:
थंड बिंदू बदला, दादा. एप्रिलच्या सकाळी खोल पाणी भिजलेल्या पिकापेक्षाही थंड असतं, कारण ते उष्णता पोटात साठवतं. पट्टीचं एक टोक तिथे धरलं की तुमचा ऊस विनाकारण तापलेला दिसतो, हवा तापवण्याचा वाटा फुगतो आणि ईटी घटते. मेट्रिकला थंड बिंदू म्हणून जमीन पूर्ण झाकलेलं, पाणी प्यालेलं पीक लागतं. एनडीव्हीआय (चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) सर्वांत जास्त असलेल्या शेतांतली थंड निवडा.

दुसरं, थंड बिंदूची ईटी संदर्भ ईटीच्या १.०५ पट धरतात; तुम्ही १.०५ने कोणती संदर्भ ईटी गुणलीत? तो आकडा अर्धा मीटर उंच लसूणघासाच्या संदर्भ ईटीसाठी आहे. एफएओ-५६चा संदर्भ १२ सेंमी उंचीचं गवत. तुमच्याकडच्या कोरड्या वाऱ्यात लसूणघासाचा आकडा बराच वर जातो.

भीमाकाठ:
वरचं बरोबर आहे, पण दोन एकर हाच मूळ प्रश्न वाटतो. फाइल ३० मीटरची दिसते, तापमान टिपणारा थर्मल सेन्सर मात्र १०० मीटरचा. त्याचा एक चौकोन म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. तुमच्या उसात शेजारचं मोकळं रान मिसळतंय. उसाचा ३०० बाय ३०० मीटरचा सलग पट्टा शोधा आणि त्याच्या मधल्या भागावर आधी पद्धत तपासा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. १.०५ मी गवताच्याच संदर्भाला लावत होतो. दोन्ही दुरुस्त्या करून नदीकाठच्या मोठ्या पट्ट्यावर चालवलं: ८.३ मिमी. माझ्या तुकड्यावर अजून ६.९च येतात, शेजारी हरभऱ्याचं रिकामं रान आहे.

आमच्या बहुतेक सभासदांची शेतं एक-दोन एकरांचीच आहेत. एनडीव्हीआयच्या आधाराने थर्मल चित्र ३० मीटरपर्यंत बारीक करून कोणी पाहिलंय का? एवढ्या लहान तुकड्यावर ते भरवशाचं ठरतं का?