मदत हवी आहे: परसातला शेपटी उडवणारा पाहुणा कोणता, आणि त्याचा फोटो कसा काढू?

शेवगावाली:
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहतो. घरामागं शेवगा, पेरू, कढीपत्ता आणि नळाजवळ अळू, एवढंच परस. एरवी तिथं साळुंक्या, बुलबुल आणि सातभाईंचा कालवा. दिवाळी सरली की मात्र नवी मंडळी दिसायला लागतात. यंदा एक चिमणीपेक्षा लहान, मातकट रंगाचा पक्षी रोज सकाळी कढीपत्त्यावर येतो. पोट मळकट पांढरं. शेपटी झटक्यात वर उचलतो, मग सावकाश खाली आणतो. शेपटी काळी, मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरी. आवाज 'टर्रर्र', कोणी लाकडी खुळखुळा फिरवावा तसा.

शेजारचे काका म्हणतात थिरथिरा. मला पटत नाही, कारण थिरथिऱ्याची शेपटी विटकरी असते आणि तो ती नुसती थरथरवतो.

दुसरी अडचण फोटोची. ५५-२५० मिमीची लेन्स आहे. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, तिला डासांची जाळी. पक्षी काळा ठिपका येतो, नाहीतर फोकस पुढच्या पानावर बसतो. काकांचा सल्ला, मोबाईलवर त्याचाच आवाज लाव, जवळ येईल. लावू का? तांदूळ-बाजरी टाकून पाहिली, तिकडं तो ढुंकूनही बघत नाही.

घोंगडीवाला:
ताई, थिरथिरा नव्हेच. वर्णन माशीमाराचं आहे. आता तो लाल छातीचा की तैगा, या माशीमारांच्या दोन सारख्या जातींत खरी गंमत. दोन्ही हिवाळ्यात आपल्याकडं येतात, आणि माद्या व कोवळे पक्षी जवळपास सारखेच दिसतात. शेपटीच्या मुळावरची पिसं बघा: शेपटीइतकी किंवा तिच्याहून काळीकुट्ट असली तर तैगा, जरा तपकिरी-करडी असली तर लाल छातीचा. खालची चोच मुळाशी फिकट असेल तर पारडं लाल छातीच्याकडं झुकतं. डिसेंबरात गळा नारिंगी असलेला नर दिसला तर तो बहुतेक लाल छातीचाच, कारण तैगाचा नर हिवाळ्यात तो रंग टाकतो. पाठीमागून एक फोटो मिळाला तरी पुष्कळ कळेल.

दाणे कशाला खाईल? तो किडे टिपतो. परसात औषध फवारू नका, तेच त्याचं जेवण.

आवाज लावू नका. हे पक्षी हिवाळ्यातही आपापला चरायचा इलाका राखतात. आवाज ऐकला की दुसरा घुसला समजून तो चरायचं सोडून भांडायला येतो. फोटो मिळेल, पण त्याच्या पोटावर पाय देऊन.

तांबडा_पांढरा:
फोटोचं मी सांगतो. खिडकी सोडा. पूर्वेकडं तोंड करून सकाळी काढलं तर काळा ठिपकाच येणार, वर जाळी सगळा फोटो धुरकट करते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून येतो. परसाच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून उत्तरेकडं बघत बसा, ऊन पाठीमागून उजव्या खांद्यावरून पक्ष्यावर पडेल. नऊच्या आसपास बरं, त्याआधी धुकं आणि पाचटाचा धूर असतो.

पक्ष्यामागं पळू नका. माशीमार एकाच फांदीवरून उडतो, किडा पकडतो आणि पुष्कळदा तिथंच परततो. ती फांदी हेरून मधल्या एकाच फोकस-बिंदूनं तिच्यावर फोकस धरून ठेवा. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, शेपटीचा झटका गोठवायला तेवढा लागतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२००. मागं आकाश असेल तर एक्स्पोजर +१, म्हणजे फोटो एक पायरी उजळ. फ्लॅश नको. अंगावर घोंगडं घेऊन मुकाट बसलात की थोड्या वेळानं तो तुम्हाला भिंतीचाच भाग धरतो.

शेवगावाली:
दोघांचे आभार! घोंगडं आहेच घरात. काकांना शेपटीचं सांगितलं, ते अजून अडून बसलेत. पाण्याचं परळ ठेवलं तर उतरेल का? शेजारचं मांजर दिवसभर अळूत दबा धरून असतं.

घोंगडीवाला:
परळ उथळ हवं, दोन इंचांपेक्षा कमी पाणी, आत एखादा दगड. अळूपासून लांब, मोकळ्यावर आणि उंचावर टांगा, म्हणजे मांजर आलं तर दुरून दिसेल. पाणी रोज बदला, डास होतात. माशीमार उतरेलच असं नाही, शिंजीर आणि शिंपी मात्र येतीलच. आणि पाठमोरा फोटो मिळाला की इथंच टाका, काकांचाही निकाल लावून टाकू.